एका ब्रँडचा ट्रिगर, दुसऱ्या ब्रँडचा कॅमेरा

कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश रेडिओने पेटवणाऱ्या स्वस्त वायरलेस ट्रिगरच्या खोक्यावर मॉडेलच्या नावाशेजारी बहुतेक वेळा एक अक्षर असतं. सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन, एस म्हणजे सोनी, एफ म्हणजे फुजी. ते अक्षर पाहून लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर कॅमेरा बदलला की चांगले चालणारे ट्रिगर देऊन टाकतात, नाही तर ‘शूमध्ये बसतोय ना, मग चालेल’ म्हणून कॅमेऱ्यावरच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, सरकवतात आणि फ्लॅश पेटला नाही की ट्रिगर बिघडला असं समजतात. मला दोन्हींचं वाईट वाटतं, कारण यातले बरेचसे ट्रिगर थोड्या खटपटीने दुसऱ्या ब्रँडवर चालवता येतात.

मी मातीची भांडी, विणकाम, लाकडी खेळणी अशा वस्तूंचे फोटो काढते. माझे दिवे ठरलेले आहेत, पण कॅमेरा दर वेळी माझाच असतो असं नाही. सोबत काम करणाऱ्यांपैकी कुणाची सोनी असते, कुणाची फुजी, एकाची जुनी पेंटॅक्स आहे. प्रत्येकासाठी वेगळा संच घेणं मला जमणारं नव्हतं, म्हणून आहे तोच संच सगळ्यांवर चालवायला शिकले. एवढ्या वर्षांत लक्षात आलं ते असं, की अडचण तीनच ठिकाणी असते: कॅमेऱ्याच्या मेन्यूत, जादा पिनांत किंवा शूच्या आकारात. कुठे आहे ते आधी शोधायचं, मग हात घालायचा. लोक नेमकं उलटं करतात, थेट सोल्डरिंग आयर्न तापवतात.

दोनच टोकं महत्त्वाची

हॉट शूकडे वरून नीट बघा. मधोमध एक मोठा गोल संपर्कबिंदू असतो आणि दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा आतून या दोघांना क्षणभर जोडतो. भिंतीवरचा दिव्याचा खटका दाबावा, तेवढंच. फ्लॅश पेटायला याहून जास्त काही लागत नाही. हा आकार आणि ही मांडणी आयएसओ ५१८ या मानकात बसवलेली आहे, त्यामुळे ती कॅननवर असते तशीच निकॉनवर, फुजीवर, पॅनासॉनिकवर असते.

बाकी छोट्या पिना ही ज्या त्या कंपनीची खासगी भाषा. कॅननच्या शूवर मधल्या बिंदूखेरीज चार असतात, निकॉनवर तीन, आणि त्यांच्या जागाही वेगळ्या. टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद ठरवणं), हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं), फ्लॅशचं झूम हे सगळं त्यांच्यावरून चालतं. म्हणून ब्रँड ओलांडताना हे सोडून द्यावं लागतं. हातात उरतो तो मॅन्युअल फ्लॅश: ताकद फ्लॅशवर स्वतः ठरवायची आणि शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या कमाल गतीच्या, आत ठेवायचा. माझ्या कामाला ते पुरतं. भांडं जागचं हलत नाही, दिवाही हलत नाही, त्यामुळे एकदा लावलेली ताकद दिवसभर तीच राहते.

टीटीएल हवंच असेल तर एक वेगळी वाट आहे. गोडॉक्सच्या एक्स प्रणालीत फक्त ट्रान्समीटर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून इशारा पाठवणारा भाग, कॅमेऱ्याच्या ब्रँडचा लागतो. फ्लॅश दुसऱ्या ब्रँडच्या आवृत्तीचा असला तरी रेडिओवरून तो आज्ञा समजून घेतो. म्हणजे सोनीचा ट्रान्समीटर घेऊन कॅनन आवृत्तीचा फ्लॅश लांबून टीटीएलवर चालतो. ज्यांना चालत्या माणसांचे फोटो काढायचे आहेत त्यांनी खटपट न करता हेच करावं.

कॅमेरा बाजूला ठेवून पहिली चाचणी

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर (फ्लॅशखाली बसून इशारा घेणारा भाग) दोन्ही चालू करा, चॅनल एकच आहे ना बघा, रिसीव्हरवर फ्लॅश लावा. ट्रान्समीटरच्या वरच्या शूवर दुसरा फ्लॅश असेल तर तो काढा. आता ट्रान्समीटर उलटा करून कागदाच्या क्लिपने त्याच्या पायाखालची मधली पिन आणि बाजूचा ग्राउंडचा संपर्क क्षणभर जोडा. कॅमेरा जे करतो तेच तुम्ही हाताने केलंत.

फ्लॅश पेटला तर रेडिओ, बॅटरी, चॅनल, रिसीव्हर सगळं ठीक आहे आणि शोध कॅमेऱ्याच्या बाजूला घ्यायचा. नाही पेटला तर कॅमेऱ्याच्या ब्रँडचा प्रश्नच नाही, आधी सेल बघा. काही जुन्या ट्रान्समीटरमध्ये १२ व्होल्टचा बारका २३ए सेल असतो. तो उतरत आला की दिवा लागतो, पण सिग्नल लांब जात नाही, आणि माणूस उगीच पिना घासत बसतो.

दुसरी चाचणी उलट बाजूने. कुठलाही साधा, एकच पिन असलेला मॅन्युअल फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर लावा आणि क्लिक करा. तो पेटला तर कॅमेरा मधल्या बिंदूवरून इशारा देतोय. नाही पेटला तर मेन्यूत शिरा.

कॅमेऱ्याची परवानगी

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त इथेच सुटल्या, म्हणून इथे थांबते.

मिररलेस कॅमेऱ्यात आधी शटरचा प्रकार बघा. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फ्लॅशला परवानगीच नसते, अगदी वेगवान सेन्सरच्या मोजक्या बॉडी सोडल्या तर. सायलेंट मोड लावला की कॅमेरा गुपचूप इलेक्ट्रॉनिक शटरवर जातो आणि माणसाला आठवतही नाही की आदल्या दिवशी आवाज नको म्हणून आपणच तो लावला होता. शटर मेकॅनिकलवर आणा. फुजीच्या अनेक बॉडीत आवाज बंद करणारा वेगळा पर्याय असतो, तोही फ्लॅश बंद करतो.

कॅननच्या डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमधून फोटो काढत असाल तर ‘सायलेंट एलव्ही शूट’ बंद करा. दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश असेल तर ते बंद ठेवा असं कॅननच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. व्ह्यूफाइंडरमधून पेटणारा फ्लॅश पडद्यावर बघून क्लिक केल्यावर पेटत नाही, याचं कारण बहुधा हेच. ट्रायपॉडवर काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे फार उशिरा कळलं. एक अख्खी दुपार मी रिसीव्हर बदलून बदलून बघत होते.

ऑलिंपस आणि पॅनासॉनिकवर फ्लॅश मोड ‘फिल-इन’ किंवा ‘फोर्स्ड’ करा. ऑटोवर ठेवला आणि उजेड पुरेसा असला तर फ्लॅशची गरज नाही असं कॅमेरा स्वतःच ठरवतो. ब्रॅकेटिंग, एचडीआर, पॅनोरमा यांपैकी काही चालू राहिलं नाही ना, तेही बघा.

आणि पडदा. शटर १/१६०, अॅपर्चर एफ ८, आयएसओ १०० ठेवलं की खोलीतल्या उजेडात मिररलेसचा पडदा जवळजवळ काळा होतो, कारण कॅमेऱ्याला तुमच्या फ्लॅशचा पत्ता नसतो. त्याच ब्रँडचा ट्रिगर असला तर तो पडदा आपोआप उजळतो, परक्या ट्रिगरला ते सांगता येत नाही. सोनीत ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’, कॅननमध्ये ‘एक्स्पोजर सिम्युलेशन’ बंद, फुजीत मॅन्युअल मोडमधला एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद. मग फ्रेम दिसते आणि फोकसही नीट होतो.

जादा पिना झाका

ट्रिगरच्या पायाखाली मधली एकच पिन असेल तर हा भाग सोडून पुढे जा. तो कुठल्याही आयएसओ शूवर बिनधास्त लावा.

चार-पाच पिनांचा ट्रिगर परक्या कॅमेऱ्यावर चढवला की त्याच्या पिना कॅमेऱ्याच्या भलत्याच बिंदूंवर टेकतात, कधी अर्ध्या एकावर, अर्ध्या दुसऱ्यावर. मग कॅमेरा गोंधळतो: फ्लॅशची खूण लुकलुकते, शटर आपोआप वेगळ्याच गतीवर जातो, किंवा बटण दाबून काहीच होत नाही. टिकाऊ इलाज सोपा आहे. मधली पिन सोडून बाकीच्या पिनांवर कॅप्टॉन टेप लावा, तो पिवळसर, पातळ, उष्णतेला टिकणारा. पाय शूमध्ये सरकताना जाड टेप गोळा होतो आणि त्याचा चिकटा कॅमेऱ्याच्या बिंदूंवर राहतो, म्हणून इन्सुलेशनची काळी पट्टी मी कधी वापरत नाही. टेप पायाच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत सलग लावा, कडा वर दुमडू नका, आणि मधल्या पिनेपुरतं भोक धारदार पात्याने कापा. बाजूच्या धातूच्या पट्ट्या उघड्याच राहायला हव्यात, ग्राउंड तिथूनच मिळतो. पाय संपूर्ण प्लास्टिकचा असेल तर ग्राउंडसाठी बाजूला पत्र्याची छोटी जीभ असते, तिच्यावर टेप येऊ देऊ नका.

टेप लावून क्लिक करा. बऱ्याच ट्रिगरचं काम इथेच संपतं.

जो ट्रिगर तरीही जागा होत नाही

काही ट्रिगर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही होऊ शकतात. आपण कॅमेऱ्यावर आहोत की फ्लॅशखाली, हे त्यांना कळावं लागतं. योंगन्वोचा पहिला आरएफ-६०३ हे कॅमेऱ्याच्या संपर्कांवरून स्वतःच ठरवायचा. त्यामुळे दुसऱ्या ब्रँडच्या कॅमेऱ्यावर तो आपली भूमिका ओळखत नसे. पुढच्या आरएफ-६०३ दोनमध्ये टीएक्स (फक्त पाठवणं) आणि टीआरएक्स (पाठवणं आणि घेणं) असा सरकता स्विच आला आणि प्रश्न मिटला. असा स्विच तुमच्या ट्रिगरवर असेल तर कॅमेऱ्यावरचा टीएक्सवर ठेवा आणि बाकी काही करू नका.

स्विच नसेल तर आधी सोल्डरिंग न लागणारे उपाय. ट्रिगरवरचं चाचणीचं बटण अर्धं दाबून बघा, कधी कधी तेवढ्याने तो जागा होतो. त्याच्या वरच्या शूवर एक फ्लॅश लावून बघा, तो बंद असला तरी चालतो का तेही बघा.

तरी नाही, तर मल्टिमीटर काढा. ज्या ब्रँडसाठी ट्रिगर बनवलाय त्याची एखादी बॉडी थोड्या वेळासाठी मिळवा. ट्रिगरला वर शू असेल तर खालच्या पिना बहुधा जशाच्या तशा वर आलेल्या असतात. आधी कॅमेऱ्याशिवाय, ट्रिगर चालू ठेवून, मीटरचं काळं टोक बाजूच्या पट्टीवर आणि लाल टोक एकेका पिनेवर ठेवून व्होल्ट लिहून घ्या. मग त्या बॉडीवर चढवून, शटरचं बटण अर्धं दाबून, तीच मोजणी पुन्हा करा. एखादी पिन आधी दोन-तीन व्होल्टवर होती आणि कॅमेऱ्यावर शून्याजवळ आली, तर ट्रिगर त्या पिनेची वाट बघतोय असं समजा.

आता परक्या कॅमेऱ्यासाठी ती पिन खालून टेपने पूर्ण झाका, म्हणजे ती कॅमेऱ्याला शिवणार नाही. मग वरून, ती पिन आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर धरून बघा. ट्रिगर जागा झाला आणि क्लिकला फ्लॅश पेटला, की तोच रेझिस्टर आत कायमचा सोल्डर करता येतो. सोल्डर करताना बॅटरी बाहेर काढलेली असू द्या. थेट तार न जोडता रेझिस्टर यासाठी, की अंदाज चुकला तरी वाहणारा करंट थोडाच राहील. आणि मोजणीत उलटं दिसलं, म्हणजे कॅमेरा पिनेवर व्होल्टेज देतोय असं निघालं, तर थांबा. तो ट्रिगर रिसीव्हर म्हणून वापरा आणि कॅमेऱ्यावर एका पिनेचा साधा ट्रान्समीटर ठेवा.

ट्रिगर उघडायला हरकत नाही. फ्लॅश मात्र उघडू नका. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते बराच काळ तिथेच राहतात.

पायच वेगळा असेल तर

मिनोल्टाने १९८८ मध्ये स्वतःचा वेगळा, खटक्याने बसणारा शू आणला. २००६ मध्ये सोनीने अल्फा मालिका सुरू केली तेव्हा तोच शू सोबत आला. २०१२ पासून सोनीने मल्टी इंटरफेस शू दिला, ज्यात नेहमीचा पाय आणि मधली पिन चालते. म्हणून जुन्या अल्फावर साधा ट्रिगर लावायला आयएसओ शूमध्ये बदलणारा अडॅप्टर लागतो, नव्यावर लागत नाही. नव्या शूच्या पुढच्या कडेखाली बारीक पिनांची ओळ असते, तेव्हा पाय वाकडा करून रेटू नका, सरळ सरकवा.

खरी अडचण मधला बिंदूच नसलेल्या कॅमेऱ्यांची. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क दोनवर तो दिलेला नाही. तिथे टेप, रेझिस्टर, अडॅप्टर कशाचाच उपयोग नाही. कॅननची भाषा बोलणारा, त्या बॉडीवर चालतो असं स्पष्ट लिहिलेला ट्रान्समीटर घ्या. किंवा कॅमेऱ्याचाच छोटा फ्लॅश उघडून लांबचा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटण्याच्या मोडवर, ठेवा. स्लेव्ह एस-२ वर हवा, कारण कॅमेऱ्याचा फ्लॅश आधी मोजमापासाठी एक झलक मारतो आणि एस-१ त्या झलकीलाच पेटून रिकामा होतो. रेड-आय रिडक्शन बंद करा. समोरचा छोटा फ्लॅश भांड्यावर चमक पाडत असेल तर त्याच्यासमोर पांढरं कार्ड तिरकं धरून त्याचा उजेड छताकडे वळवा.

फ्लॅशच्या बाजूला

रिसीव्हरखालच्या फ्लॅशला ब्रँडचं फारसं सोयरसुतक नसतं, मधली पिन मिळाली की झालं. तरी तीन गोष्टी तपासा.

पहिली, ट्रिगर व्होल्टेज. जुना फ्लॅश चार्ज करा, तयार असल्याचा दिवा लागू द्या, मग मीटर डीसीवर, मोठ्या रेंजवर ठेवून मधली पिन आणि बाजूचा संपर्क यांच्यात मोजा. आजकालच्या फ्लॅशमध्ये आकडा सहसा १० व्होल्टच्या आत येतो. जुन्या व्हिविटार २८३ च्या सुरुवातीच्या काही नगांत तो २०० च्या पुढे जातो. कॅमेऱ्यांसाठीच्या आयएसओ १०३३० मानकात २४ व्होल्टची मर्यादा आहे. त्याहून वरचा फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर नको, ट्रान्समीटरच्या वरच्या शूवरही नको, कारण तो शू पुष्कळदा सरळ कॅमेऱ्याला जोडलेला असतो. रिसीव्हरवर लावायचा तर त्याच्या पुस्तिकेत किती व्होल्ट चालतात ते वाचा.

दुसरी, फ्लॅशची झोप. काही मिनिटं काम थांबलं की फ्लॅश झोपतो आणि एका पिनेचा रिसीव्हर त्याला उठवू शकत नाही. कॅननच्या ४३०ईएक्स दोनमध्ये सी.एफएन-०१ मधून ही झोप बंद करता येते, निकॉनच्या फ्लॅशमध्ये स्टँडबायची सेटिंग असते. बॅटरी थोडी जास्त जाते. ती जाऊ द्या.

तिसरी, पहिल्या क्लिकला पेटून मग गप्प बसणारा फ्लॅश. काही स्वस्त स्लेव्ह आणि रिसीव्हरच्या आत एससीआर नावाचा खटका असतो. तो एकदा लागला की त्यातून वाहणारा करंट पुरेसा कमी होईपर्यंत सुटत नाही. कॅननचे ईएक्स फ्लॅश त्याला धरून ठेवतील एवढा करंट देत राहतात, मग फ्लॅश बंद करून चालू केला की पुन्हा एकदाच पेटतो. फ्लॅश बिघडलेला नसतो. त्या जोडीतला रिसीव्हर बदला आणि तो दुसऱ्या फ्लॅशला द्या.

शेवटी शटरची मोजणी

प्रत्येक नव्या जोडीसाठी हे करा, अंदाजावर राहू नका. रेडिओ ट्रिगर थोडा उशीर करतो आणि परक्या कॅमेऱ्याला तो उशीर माहीत नसतो. पांढऱ्या भिंतीसमोर, खोलीत अंधार करून, फ्लॅश १/८ ताकदीवर ठेवून १/१००, १/१२५, १/१६०, १/२००, १/२५० असे पाच फोटो काढा. कुठल्या गतीपासून फ्रेमच्या एका कडेला काळपट पट्टी दिसते ते बघा. पट्टी आली त्याच्या एक पायरी खाली तुमची मर्यादा. पुस्तिकेत १/२५० लिहिलेला कॅमेरा स्वस्त ट्रिगरबरोबर १/१६० वर आला तर नवल मानू नका. पट्टीची कड पुसट असेल तर आणखी एक पायरी खाली या, कारण बॅटरी उतरल्यावर किंवा ताकद बदलल्यावर ती मला पुन्हा दिसली आहे.

चाचणी झाली की ट्रिगरच्या पोटाला कागदी पट्टी चिकटवा. माझ्या एकावर लिहिलंय: ‘सोनी, टेप लावलेला, १/१६०.’ दुसऱ्यावर: ‘फुजी, रेझिस्टर आत, १/१२५. कॅननवर लावू नये.’ ते शेवटचं वाक्य लाल शाईने आहे.